म्युझिक पण आणि सायन्स पण : अमेरिकेत डबल डिग्रीला अर्ज कसा करायचा

आमच्या घरी हा विषय निघाला तो मुलगी अकरावीत असताना, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर इयरला, जानेवारी महिन्यात. ती व्हायोला वाजवते (व्हायोलिन नाही, व्हायोला, थोडा मोठा आणि खर्जातला, हे मंडळात प्रत्येकाला एकदा सांगावं लागतं) आणि केमिस्ट्री तिला मनापासून आवडते. एका रात्री जेवताना म्हणाली, आई, मला यातलं एक निवडायला नका सांगू, मला दोन्ही शिकायचंय. आम्ही नवरा-बायको दोघंही इंजिनियर, घरात गणपतीच्या आरतीला पेटी वाजवण्यापलीकडे संगीताच्या वाटेला कुणी गेलेलं नाही, त्यामुळे पुढचं सव्वा वर्ष आम्ही सगळं शून्यापासून शिकलो. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाचा फोन येतो की ताई, तुम्ही ते कसं केलंत जरा सांगा ना. म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून ठेवतेय.

एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. यात एक अर्ज नसतो, दोन असतात, आणि दोघांची घड्याळं वेगळी चालतात. म्युझिकचं घड्याळ सायन्सच्या जवळजवळ वर्षभर पुढे असतं. आपल्याकडचे बहुतेक आईबाप सायन्सच्या घड्याळावर चालतात, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), एपी (शाळेतच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स), निबंध, आणि मग ऑक्टोबरात अचानक कळतं की वाजवण्याचा व्हिडिओ १ डिसेंबरला द्यायचाय आणि मुलाच्या हाताखाली पीसेस तयारच नाहीत.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण इथेच गोंधळ होतो. डबल मेजर म्हणजे एकच पदवी, त्यात दोन मुख्य विषय. म्हणजे बीए किंवा बीएस, त्यात केमिस्ट्री आणि म्युझिक. चार वर्षांत होतं, बऱ्याच ठिकाणी ऑडिशनसुद्धा लागत नाही. डबल डिग्री म्हणजे खरोखर दोन पदव्या, दोन सर्टिफिकेटं, एक बीए किंवा बीएस आणि दुसरी बॅचलर ऑफ म्युझिक, ज्याला सगळे बीएम म्हणतात. बीएम ही धंदेवाईक वादकाची पदवी आहे, तिच्यात साधारण दोन तृतीयांश क्रेडिट्स संगीताचेच असतात, आठवड्याला एक तास टीचरकडे लेसन, दर सेमिस्टरला ऑर्केस्ट्रा, चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं), थिअरी, इअर ट्रेनिंग म्हणजे कानाची तालीम, पियानो येत नसेल तर पियानोचा क्लास, संगीताचा इतिहास, ज्युरी म्हणजे परीक्षकांसमोर वाजवायची परीक्षा, आणि शेवटी रिसायटल म्हणजे स्वतःची मैफल. एवढं सगळं आणि वर ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या लॅब, म्हणून बहुतेक ठिकाणी हा पाच वर्षांचा कोर्स असतो. पाच वर्षांची फी. हे आत्ताच डोक्यात ठेवा, पैशांकडे पुढे येते.

मग पहिला प्रश्न घरात बसून विचारायचा तो हा की आपल्या मुलाला बीएम खरंच हवंय, की फक्त चांगला गुरू, चांगला ऑर्केस्ट्रा आणि रियाजाला वेळ हवाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं हवं असेल तर पाच वर्षं आणि दोन अर्ज करायची गरजच नाही. एमआयटीचं उदाहरण घ्या, तिथे कन्झर्व्हेटरी (म्हणजे वादक-गायक घडवणारी खास संगीतशाळा) नाही पण म्युझिकचा मेजर आहे, इमर्सन-हॅरिस नावाच्या प्रोग्रामखाली ऑडिशन देऊन खाजगी लेसनसाठी मदत मिळते, आणि २०२५ मध्ये त्यांनी संगीतासाठी नवी आख्खी इमारत उघडली. तिथली सायन्सची मुलं काय ताकदीने वाजवतात ते एकदा जाऊन ऐका. मुलीला आम्ही एकच विचारलं होतं, समजा वाजवून पोट भरणार नाही असं आज लिहून दिलं कुणी, तरी रोज चार तास खोलीत बंद होऊन वाजवशील का? तिने लगेच हो म्हटलं नाही, दोन दिवस घेतले आणि मग हो म्हटलं. ते दोन दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात. मूल लगेच हो म्हणालं तर परत विचारा, पंधरा दिवसांनी.

कुठे मिळतं

जागा साधारण तीन-चार प्रकारच्या आहेत आणि प्रकार समजला की अर्ज कसा करायचा ते आपोआप समजतं.

पहिला प्रकार, एकाच गावात एकाच आवारात कॉलेज आणि कन्झर्व्हेटरी. ओहायोतलं ओबर्लिन हे यातलं सगळ्यात जुनं नाव, कन्झर्व्हेटरी १८६५ ची, आणि तिथे डबल डिग्रीची परंपरा इतकी मुरलेली आहे की लॅबमधून ऑर्केस्ट्राला धावणारं पोर बघून कुणाला काही वाटत नाही. तिथली कन्झर्व्हेटरी मुख्यतः बॅचलर्सच्या मुलांसाठीच आहे, त्यामुळे मोठे टीचर या मुलांनाच शिकवतात, मास्टर्सवाल्यांच्या मागे रांगेत उभं राहावं लागत नाही. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनला लॉरेन्स युनिव्हर्सिटी, तीही अशीच छोटी आणि प्रेमळ. न्यूयॉर्कच्या वर हडसन नदीकाठी बार्ड, त्यांची कन्झर्व्हेटरी २००५ मध्ये सुरू झाली तीच मुळी या कल्पनेवर की वादकाने दुसऱ्या विषयातही पदवी घ्यायची.

दुसरा प्रकार, मोठी युनिव्हर्सिटी आणि तिच्याच आत म्युझिक स्कूल. नॉर्थवेस्टर्नचं बीनेन, ॲन आर्बरला मिशिगन. इथे इंजिनियरिंगसोबतसुद्धा करता येतं. कॉमन ॲप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा सामायिक ऑनलाइन अर्ज) एकच असतं पण म्युझिक स्कूलचा जोडअर्ज आणि ऑडिशन वेगळी.

तिसरा प्रकार म्हणजे एका शहरात दोन वेगळी ठिकाणं. रोचेस्टर युनिव्हर्सिटी आणि ईस्टमन, जॉन्स हॉपकिन्स आणि पीबडी, बॉस्टनला टफ्ट्स आणि न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरी, ज्याला सगळे एनईसी म्हणतात. हार्वर्डचाही एनईसीसोबत पाच वर्षांचा प्रोग्राम आहे पण त्यात दुसरी पदवी बॅचलर नाही, मास्टर ऑफ म्युझिक असते. या प्रकारात दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज, दोन्हीकडून स्वतंत्र होकार लागतो. आणि इथे प्रवास हा खरा प्रश्न असतो. कागदावर चार-पाच मैल काहीच वाटत नाही, पण फेब्रुवारीतल्या रोचेस्टरच्या बर्फात दिवसातून दोनदा बस धरायची म्हणजे काय ते जाऊन बघा. बॉस्टनचं थोडं सोपं झालंय, डिसेंबर २०२२ मध्ये ग्रीन लाइन टफ्ट्सपर्यंत गेली आणि तीच ई लाइन एनईसीच्या अगदी जवळ थांबते, गाडी बदलायला लागत नाही. आम्ही तिकडे गेलो तेव्हा मुलीने मुद्दाम व्हायोला पाठीवर घेऊन तो प्रवास केला, घड्याळ लावून. तुम्हीही असंच करा, गाडीतून उतरून फोटो काढून येऊ नका.

आणि एक वेगळाच प्रकार, पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन. तिथे बीएक्सए म्हणून प्रोग्राम आहेत, त्यातला बीएसए म्हणजे बॅचलर ऑफ सायन्स अँड आर्ट्स, सायन्स आणि म्युझिक मिळून एकच जोडपदवी, चार वर्षांत. ऑडिशन लागतेच. पाच वर्षं परवडत नसतील त्यांनी हे नक्की बघावं, आमच्या ओळखीत हे कुणाला माहीतच नसतं.

टीचर आधी, कॉलेज नंतर

सायन्ससाठी आपण कॉलेजचं नाव बघतो. म्युझिकमध्ये उलटं आहे. पाच वर्षं दर आठवड्याला एकाच माणसासमोर उभं राहायचंय, तो माणूस आधी शोधायचा. आपल्याकडे गुरू कोण असं विचारतात, कुठल्या शाळेत शिकलास असं नाही, अगदी तसंच. आमच्या लोकांना ही गोष्ट खरं तर अमेरिकनांपेक्षा लवकर समजायला हवी.

ज्युनियर इयरच्या वसंतात, मार्च ते मे मध्ये, सात-आठ टीचरना ईमेल लिहायची. मुलाने स्वतः लिहायची, आईबाबांनी नाही. पाच-सहा ओळी पुरे, मी कोण, आत्ता कुणाकडे शिकते, काय वाजवते, तुमच्याकडे डबल डिग्री करायची इच्छा आहे, ट्रायल लेसन मिळेल का, आणि खाली पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगची लिंक. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी परत एकदा लिहा. आमच्या यादीतल्या एका टीचरने तीनदा लिहूनही उत्तर दिलं नाही आणि मुलगी खूप खट्टू झाली, पण तेही उत्तरच होतं, जो माणूस आता उत्तर देत नाही तो नंतर ज्युरीच्या आठवड्यात काय देणार. ट्रायल लेसन काहीजण फुकट देतात, काही आपला नेहमीचा तासाचा दर घेतात, झूमवरही चालतं पण एखादी तरी समोरासमोर करा.

लेसनच्या शेवटी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. एक, पुढच्या वर्षी तुमच्याकडून किती विद्यार्थी पास होऊन बाहेर पडतायत? कारण टीचरच्या स्टुडिओत, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांच्या गटात, जेवढ्या जागा रिकाम्या तेवढेच घेतले जातात, मूल कितीही चांगलं वाजवत असलं तरी जागाच नसेल तर नाही. दोन, तुमच्याकडे आत्ता डबल डिग्रीचे किती विद्यार्थी आहेत, आणि लॅब आणि रिहर्सल एकाच वेळी आली तर तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नाला चेहरा बघा. काही टीचर मनापासून सांगतात की माझी मागची मुलगी न्यूरोसायन्सवाली होती, आम्ही लेसन सकाळी आठला घ्यायचो. आणि काहींचा चेहराच सांगतो की त्यांना अर्धं मन दुसरीकडे असलेला विद्यार्थी नकोय. त्यांचंही चूक नाही, पण तुमच्या मुलाने तिथे जाऊ नये.

वाद्याचाही भाग आहे. पियानो, व्हायोलिन आणि बासरीला प्रचंड गर्दी असते. व्हायोला, डबल बेस, बासून, ओबो यांना त्या मानाने कमी. म्हणून कुणी वाद्य बदलावं असं मी अजिबात म्हणत नाही, पण व्हायोलिनवाल्या मुलाच्या आईबाबांनी यादी जरा लांब ठेवावी.

व्हिडिओ

बऱ्याच ठिकाणी ऑडिशनला बोलावण्याआधी प्रीस्क्रीन असतं, म्हणजे आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तरच पुढे. तारीख बहुतेक ठिकाणी १ डिसेंबर, काही ठिकाणी १ नोव्हेंबर, प्रत्येक शाळेच्या पानावर जाऊन स्वतः बघा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. बऱ्याच शाळा ॲक्सेप्टेड नावाच्या पोर्टलवर अपलोड करायला लावतात.

काय वाजवायचं ते प्रत्येक शाळा थोडं वेगळं मागते पण गाभा सारखाच असतो. व्हायोला असेल तर बाखच्या चेलो सुइटमधले दोन वेगळ्या चालीचे भाग, वॉल्टन किंवा बार्टोकसारख्या मोठ्या कॉन्चेर्तोचा (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या रचनेचा) पहिला भाग, एक एट्यूड म्हणजे तंत्राच्या सरावाची रचना, आणि स्केल्स. पियानोला बाखचं प्रेल्यूड-फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बेथोवनचा सोनाटा, एक रोमँटिक काळातला पीस आणि एक एट्यूड, तोंडपाठ. सगळ्या शाळांच्या मागण्या एका एक्सेल शीटमध्ये शेजारी शेजारी टाका आणि सगळीकडे चालतील असे कमीत कमी पीसेस निवडा. हे काम मे महिन्यात टीचरबरोबर बसून करायचं. पीस उन्हाळ्यात बसवायचा, सप्टेंबरात लोकांसमोर दोन-तीनदा वाजवायचा (आमच्याकडे गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तिने बाख वाजवलं, समोर दोनशे माणसं आणि मागे मोदकांची गडबड, त्याहून चांगला सराव कुठला), आणि ऑक्टोबरात रेकॉर्ड करायचा.

रेकॉर्डिंगमध्ये आम्ही चुकलो ते सांगते. पहिल्यांदा बेसमेंटमध्ये केलं. हीटिंगची घरघर प्रत्येक हळू जागेत ऐकू येत होती आणि छत बुटकं असल्याने आवाज कोंदटलेला. आख्खा शनिवार-रविवार वाया. मग जवळच्या चर्चचा हॉल दोन तासांसाठी भाड्याने घेतला, झूम कंपनीचा हँडी रेकॉर्डर एका मैत्रिणीकडून आणला, वादकापासून आठ-दहा फुटांवर उंच स्टँडवर लावला, आणि फोनने व्हिडिओ. एवढं पुरतं, हजार डॉलरचा स्टुडिओ लागत नाही. एक पीस एका दमात, मध्ये कापाकापी नाही, हा नियम सगळीकडे कडक आहे. हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. साथीला पियानोवाला लागतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात चांगले साथीदार सगळे बुक असतात, त्यांना ऑगस्टमध्येच धरा, आणि रेकॉर्डिंगआधी दोन तरी रिहर्सल करा. एका पीसचे तीनपेक्षा जास्त टेक एका दिवशी घेऊ नका. चौथ्या टेकला हात थकलेले असतात आणि पोर रडकुंडीला आलेलं असतं.

निबंध आणि सायन्सची बाजू

कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं, मुख्य निबंध ६५० शब्दांचा. डबल डिग्रीवाल्या शाळा त्याशिवाय एक प्रश्न विचारतातच, दोन्ही का? इथे शेकडो मुलं लिहितात की संगीत म्हणजेच गणित आहे, सूर म्हणजे फ्रीक्वेन्सी आहे. वाचणाऱ्यांनी ते किती वेळा वाचलं असेल. त्यापेक्षा आपल्या मुलाच्या आयुष्यात या दोन गोष्टी खरोखर कुठे भेटल्या ते शोधा. आमचं आजोळ मिरजेचं. ती नववीत असताना आम्ही तिथल्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो, तिथे एक कारागीर तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश करत होते, स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने थरावर थर, आणि ही त्यांना तासभर प्रश्न विचारत बसली की हे व्हायोलाच्या व्हार्निशपेक्षा लवकर का वाळतं. मग घरी येऊन तिने लाख म्हणजे रसायन म्हणून नक्की काय असते ते वाचून काढलं, शाळेत त्यावर छोटा प्रोजेक्ट केला. निबंधात तिने तेवढंच लिहिलं, मोठं काही नाही. प्रत्येक घरात असं काहीतरी असतं, फक्त आपल्याला ते सांगण्याजोगं वाटत नाही.

सायन्सकडे दुर्लक्ष करू नका, तिकडे मुलगी चांगलं वाजवते म्हणून मार्क कमी चालतील असं अजिबात नाही. कॉलेजची बाजू ग्रेड्स आणि कोर्स बघते आणि कन्झर्व्हेटरीची बाजू ऑडिशन बघते, दोघं एकमेकांचे मार्क उधार देत नाहीत. शिफारसपत्रंही दोन्हीकडची हवीत, एक सायन्सच्या शिक्षकांचं, एक वाद्याच्या टीचरचं. एपी कॅल्क्युलस बीसी, एपी केमिस्ट्री वगैरे जमत असेल तर करून ठेवा, कॉलेजने ते क्रेडिट मान्य केलं तर पुढे एखादी सेमिस्टर हलकी जाते आणि डबल डिग्रीवाल्याला तीच श्वास घ्यायला जागा असते. एपी म्युझिक थिअरी शाळेत असेल तर तीही.

पुढे मेडिकलला जायचं असेल तर अजून एक. मेडिकल स्कूल म्युझिकच्या पदवीला नाक मुरडत नाहीत, पण बायॉलॉजी, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, त्यांच्या लॅब्ज, बायोकेमिस्ट्री आणि वर एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) हे सगळं बहुतेक ठिकाणी लागतंच. त्यामुळे प्रीमेड मुलाने सायन्सची पदवी घ्यायची गरज आहेच असं नाही, बीएम करून हे कोर्स बाजूने करणारेही असतात. ज्याला संशोधनात जायचंय, पीएचडी करायचीय, त्याला मात्र सायन्सची खरी पदवी आणि उन्हाळ्यातलं लॅबचं काम हवंच, आणि तो उन्हाळा म्युझिक फेस्टिव्हलही मागत असतात. आमच्याकडे ठरलंय, एक उन्हाळा लॅबला, एक फेस्टिव्हलला.

अर्ली डिसिजनचा सापळा

हे वेगळं लिहितेय कारण यात लोक अडकतात. अर्ली डिसिजन म्हणजे होकार आला की जावंच लागतं, अर्ज १ नोव्हेंबरच्या आसपास, उत्तर डिसेंबरात. म्युझिकची ऑडिशन मात्र जानेवारी-फेब्रुवारीत आणि उत्तर मार्चअखेर. म्हणजे कॉलेजने डिसेंबरात हो म्हटलं आणि तुम्ही बांधले गेलात, आणि मार्चमध्ये कन्झर्व्हेटरीने नाही म्हटलं तर काय? काही शाळांचे यासाठी वेगळे नियम आहेत, म्हणून दोन्ही ॲडमिशन ऑफिसना ईमेल लिहून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं उत्तर धरू नका, आम्हाला एका ठिकाणी फोनवर दोन दिवसांत दोन वेगळी उत्तरं मिळाली. आम्ही शेवटी सगळीकडे रेग्युलरच, म्हणजे बंधन नसलेला नेहमीचा अर्ज, केलं.

आणि आधीच घरात ठरवून ठेवा की एकाच बाजूने होकार आला तर जायचं का. फक्त कॉलेजने घेतलं तर तिथे म्युझिकशिवाय खुश राहील का? काही ठिकाणी पहिल्या वर्षी आत जाऊन परत ऑडिशन देता येते, पण स्टुडिओत जागा असेल तरच, त्या भरवशावर जाऊ नये. मार्चअखेरच्या त्या आठवड्यात डोकं चालत नाही, म्हणून निर्णय थंड डोक्याने आधी.

ऑडिशनचा महिना

जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. आम्ही पाच ठिकाणी गेलो, त्यातल्या एकदा बर्फामुळे विमान रद्द झालं आणि आम्ही रात्रभर गाडी चालवत गेलो. तारीख बदलून मिळते, फक्त लगेच फोन करायचा, पण तेव्हा आम्हाला ते सुचलं नाही. ऑडिशनच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोचायचं, हा आता माझा नियम आहे.

विमानात वाद्य हातातच ठेवा. अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे की व्हायोलिन-व्हायोलाएवढं वाद्य वरच्या कप्प्यात बसत असेल आणि तुम्ही चढताना जागा असेल तर विमान कंपनीने ते आत न्यायला द्यायचं. त्या नियमाची छापील प्रत पिशवीत ठेवा आणि लवकर चढा. चेलोला वेगळं तिकीट काढावं लागतं. हिवाळ्यात हॉटेलची हवा इतकी कोरडी असते की खुंट्या सैल पडतात, लाकूड तडकू शकतं, केसमध्ये ह्युमिडिफायर हवाच.

खोलीत दहा-पंधरा मिनिटं असतात. ते मध्येच थांबवतात आणि दुसरं वाजव म्हणतात, याचा अर्थ आवडलं नाही असा अजिबात नाही, त्यांना हवं ते ऐकून झालं एवढाच. मुलांना हे आधी सांगून ठेवा. माझी मुलगी पहिल्या ठिकाणी बाहेर आली ती डोळ्यांत पाणी घेऊन, मला मध्येच थांबवलं म्हणून, आणि तिथूनच होकार आला. बऱ्याच ठिकाणी थिअरीची आणि कानाची छोटी परीक्षाही घेतात, ऐकून ओळखा, बघून गा. इथे ज्यांची मुलं लहानपणी सरगम शिकलीत त्यांना फार सोपं जातं, बऱ्याच अमेरिकन शाळांत चालतं ते मूव्हेबल डो म्हणजे आपला सा कुठेही धरायचा तोच प्रकार.

यावरून, तबला किंवा गाणं शिकणाऱ्या मुलांबद्दल. गांधर्वच्या मध्यमा, विशारद झालेली कितीतरी मुलं इथे आहेत. पण वर सांगितलेल्या बहुतेक कन्झर्व्हेटऱ्यांत ऑडिशन पाश्चात्त्य शास्त्रीय किंवा जॅझचीच असते, हिंदुस्थानी संगीतावर बीएमला प्रवेश मिळेल या आशेवर अर्ज भरू नका. कॅलिफोर्नियातलं कॅलआर्ट्स आणि कनेक्टिकटचं वेस्लियन, जिथे कर्नाटक संगीताची जुनी परंपरा आहे, अशी थोडी ठिकाणं आहेत. बाकी ठिकाणी कॉलेजच्या अर्जासोबत आर्ट्स सप्लिमेंट म्हणून रेकॉर्डिंग पाठवता येतं आणि ते जरूर पाठवा, दहा वर्षांचा रियाज आहे तो, फॉर्ममधल्या एका ओळीत संपवू नका.

पुण्या-मुंबईहून किंवा गोव्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमची आठवी ग्रेड असली तरी ऑडिशन सुटत नाही, ग्रेडमुळे फक्त तयारी कळते. परदेशातून रेकॉर्डेड ऑडिशन बऱ्याच ठिकाणी चालते, आधी विचारा. आणि व्हिसाच्या बाजूने बघितलं तर सध्याच्या नियमांत पदवीनंतर कामासाठी १२ महिने मिळतात आणि स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनियरिंग, गणित) विषयाच्या पदवीवर आणखी २४, म्हणजे सायन्सची पदवी हातात असण्याचा तिथे सरळ उपयोग आहे.

पैसे

फॅफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल हे आर्थिक मदतीचे दोन्ही फॉर्म वेळेत भरा, आणि दोन वेगळ्या संस्था असतील तर फॉर्म दोघांना वेगळे पाठवावे लागतात. उत्पन्न जास्त म्हणून मदत मिळणार नाही असं धरून बसू नका, कन्झर्व्हेटरी वाजवण्यावर स्कॉलरशिप देते. होकाराचं पत्र आलं की तीन गोष्टी लेखी विचारा. ही स्कॉलरशिप चार वर्षांची की पाच? एक पदवी मध्येच सोडली तर ती राहते का? (म्युझिकची स्कॉलरशिप सहसा म्युझिकच्या पदवीला बांधलेली असते, ती सोडली की पैसेही जातात.) आणि दुसऱ्या शाळेने जास्त दिलंय तर तुम्ही पुन्हा विचार कराल का? हे विचारायला आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. आम्हालाही वाटला. नम्रपणे विचारलं आणि एका ठिकाणी वर्षाला सहा हजार डॉलर वाढवून मिळाले. पाच वर्षांचे तीस हजार.

१ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. त्याआधी शक्य असेल तर एक दिवस परत तिथे जा आणि डबल डिग्री करणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलाला जेवायला घेऊन जा, एकट्याला, ॲडमिशन ऑफिसच्या माणसाशिवाय. त्याला विचारा, रात्री किती वाजता झोपतोस, आणि तुझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी एक पदवी सोडली. आम्हाला या एका जेवणात जेवढं कळलं तेवढं सगळ्या माहितीपत्रकांत मिळून कळलं नव्हतं.

आणि प्रवेश पक्का झाला की जूनमध्येच दोन्हीकडच्या ॲडव्हायझरना एकाच ईमेलमध्ये घ्या, पहिल्या सेमिस्टरच्या केमिस्ट्री लॅबच्या आणि ऑर्केस्ट्राच्या वेळा शेजारी शेजारी लिहून पाठवा. लॅब सहसा दुपारी एक ते पाच, रिहर्सलही दुपारीच. सकाळची लॅब सेक्शन पहिल्या दिवशीच भरते, आमच्या मुलीला ती मिळाली कारण रजिस्ट्रेशन उघडायच्या सकाळी सहाला ती लॅपटॉप उघडून बसली होती.